थांबवणारा कोण, ते आधी ठरव

तुमच्या २६ जानेवारीच्या मॉडेल विमानांच्या शोबद्दलचं तुझं पत्र वाचलं. लांबलचक आहे. त्यातला बराचसा भाग डकोटा-मिगसारख्या जुन्या विमानांवर आणि प्रायोजकाने छापून आणलेल्या फ्लेक्सवर खर्च झालाय. खरा मुद्दा अगदी शेवटी, तोही कंसात टाकलास: ‘काका, तारीख आता पुढेमागे होणार नाही असं प्रायोजक म्हणतात. ग्रुपमधले म्हणतात, मीच घाबरट. मी खरंच घाबरट आहे का?’

ते बाजूला ठेव. माझा प्रश्न वेगळा आहे. २६ जानेवारीला सकाळी मैदानावर ‘थांबवा’ म्हणायचा अधिकार कुणाचा? तुझ्या आराखड्यात स्वागत समिती आहे, पार्किंग आहे, मिसळीचे स्टॉल आहेत, रील काढणाऱ्यांसाठी वेगळा मंचसुद्धा आहे. थांबवणाऱ्याचं नाव कुठे आहे? शोधूनही सापडलं नाही.

जुन्या विमानांचं वेड कशासाठी, हे तू मला समजवायला नको आणि मी तुला. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ने शेवटची सलामी दिली, तेव्हा ओझरच्या किती घरांत लोक टीव्हीसमोरून हलले नसतील. १९६४ साली इथे कारखाना आला तोच त्या विमानासाठी. आजही पत्ता सांगताना लोक ‘ओझर मिग’ म्हणतात. तेव्हा कौतुक, शाबासकी, ‘तुमच्यासारखे तरुण पुढे आले पाहिजेत’ वगैरे सगळं मी म्हटलं असं धर आणि पुढे वाच.

मी हँगरमध्ये तपासणीवर होतो. प्रत्येकाचा आपापला शिक्का असायचा, त्यावर नंबर. तो उमटला नाही तर विमान धावपट्टीकडे जायचं नाही, मग मार्चअखेर असो नाहीतर बडे पाहुणे येऊन बसलेले असोत. विमान बांधणारे मोठे, उडवणारे त्याहून मोठे, कबूल. पण माझी श्रद्धा अडवणाऱ्यांवर. मी स्वतः अडवणारा होतो म्हणून असं म्हणतो, असं तुला वाटेल. वाटू दे.

एअर शोचा इतिहास तू वैमानिकांच्या बाजूने वाचलास. एकदा थांबवणाऱ्याच्या बाजूने वाच. सप्टेंबर १९५२, इंग्लंडमधला फार्नबरोचा शो. डीएच ११० हे जेट हवेत फुटलं, इंजिन आणि तुकडे गर्दीत येऊन पडले. २९ प्रेक्षक गेले, विमानातले दोघेही गेले. त्यानंतर नेव्हिल ड्यूक या वैमानिकाने आपलं हंटर जेट वर नेलं आणि कार्यक्रम पुढे सुरू झाला. आपल्या लोकांत ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगतात. ड्यूकच्या छातीबद्दल मला शंका नाही. पण खाली अजून माणसं उचलणं चाललेलं असताना ‘चालू द्या’ म्हणणाऱ्याचा मला अजून राग येतो, माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट असली तरी.

१९८८ला जर्मनीत रामश्टाइनच्या शोमध्ये इटलीच्या पथकाची तीन विमानं एकमेकांवर आदळली. कसरत अशी बांधलेली होती की एक विमान प्रेक्षकांच्या दिशेने येणार होतं. ते प्रेक्षकांतच आलं. ७० जण गेले. २००२ला युक्रेनमध्ये ल्विवजवळ सुखोई-२७ गर्दीत पडलं, ७७ गेले. आज अमेरिकेत वेगवान जेटच्या कसरती प्रेक्षकांपासून १५०० फुटांवर ठेवतात आणि विमानाचा जोर प्रेक्षकांकडे रोखलेला चालत नाही. तुझे मित्र म्हणतात, ‘मॉडेल डोक्यावरून गेलं तरच मजा.’ टर्बाइन लावलेलं दहा-पंधरा किलोचं मॉडेल, पोटात केरोसीन, आणि रेडिओचा सिग्नल गेला की ते कुणाचंच नाही. डोक्यावरून? कुणाच्या? त्यांनी आपापल्या आयांना पहिल्या रांगेत बसवावं, मग आपण बोलू.

इंग्लंडमधल्या शोरहॅमच्या शोचं तर तुला पाठ असेल. २२ ऑगस्ट २०१५, हंटर टी७. उभ्या गिरकीत (लूप) शिरताना वेग कमी, वर पोचल्यावर उंची कमी, तरी गिरकी पुरी करायला गेलं आणि हमरस्त्यावर कोसळलं. ११ जण गेले. आणखी एक गोष्ट चौकशी अहवालात आहे, ती वाच. आदल्या वर्षी दुसऱ्या एका शोमध्ये त्याच वैमानिकाची कसरत तिथल्या संचालकाने रेडिओवर ‘स्टॉप’ म्हणून मध्येच तोडली होती. त्या दिवशी तिथे थांबवणारा होता.

आणि ते ११ जण मैदानाबाहेर होते, हेही ध्यानात घे. तुझ्या मैदानालगत दिंडोरी रस्ता आहे. तिथे शंभर दुचाक्या कडेला लागतील, ट्रॅक्टरवाला द्राक्षांच्या क्रेटसकट थांबून वर बघेल. त्यांना तुझ्या आराखड्यात जागा नाही, कारण त्यांनी पास घेतलेला नाही.

गर्दी म्हणजे काय हे नाशिककराला शिकवायला लागू नये. २००३च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली, तुझ्या घरी विचार, आठवत असेल. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आलाय. ६ ऑक्टोबर २०२४ला चेन्नईच्या मरिनावर वायुसेनेचा शो झाला. आकाशात सगळं बिनचूक, एका विमानाला ओरखडा नाही. खाली ऊन, पाणी आणि परतीची वाट यांत पाच जण गेले. तुझ्या खर्चाच्या तक्त्यात एलईडी पडदा आहे आणि पाण्याचा टँकर नाही. याला मी भाबडेपणा म्हणू की आणखी काही?

रागावलो असं समजू नकोस. रागावलोच आहे, पण तुझ्यावर कमी. तुला ज्यांनी घाबरट म्हटलं त्यांच्यावर जास्त, कारण मलाही तेच म्हणाले होते.

ती गोष्ट तुझ्या कानावर आली असेल, आणि ‘काकांनी ऐनवेळी माती केली’ अशीच आली असेल. माझ्याकडूनही ऐक. आमचा मॉडेल विमानांचा मेळावा होता, पेट्रोल इंजिनवाली मोठी मॉडेल. दुपारी वारा आडवा झाला. तो एकटा असता तर चाललं असतं, उडवणारे हात चांगले होते. पण पोरं दोरीच्या आत आली आणि दोरी धरणारे स्वयंसेवक स्वतःच आभाळाकडे बघत उभे. व्यासपीठावर पाहुणे, निवेदक ‘आता ज्याची वाट पाहत होतो ते’ म्हणतोय, इंजिन चालू. मी माइक घेतला आणि कार्यक्रम संपला म्हणून सांगितलं. शिट्ट्या पडल्या, खुर्च्या आपटल्या. पाहुणे हसत हसत निघून गेले, ते हसणं जास्त लागलं.

त्या दिवशी काहीच झालं नाही. दुखणं नेमकं हेच आहे. थांबवलं की काहीच होत नाही, आणि काहीच झालं नाही म्हणून लोक विचारतात, मग थांबवलं कशाला? ज्याने रेटून नेलं आणि निभावलं त्याला शाल-श्रीफळ. थांबवणाऱ्याच्या हातात दाखवायला काहीही नसतं. न झालेल्या अपघाताचा फोटो कुणी काढत नाही.

देणगीदार मागे हटले, क्लब फुटला. त्या पैशातून एका कॉलेजच्या आवारात उघड्यावर पडलेलं एचटी-२ छपराखाली आणायचं आम्ही ठरवलं होतं. आपल्या कोल्हापूरकडचे विष्णु माधव घाटगे, जर्मनीत गटिंगनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटलकडे डॉक्टरेट केलेले, त्यांच्या हाताखाली आरेखन झालेलं ते शिकाऊ विमान. १९५१ला पहिल्यांदा उडालं, पुढे किती वैमानिकांचे हात त्यावर बसले. आमच्यातल्याला पावसाने खाल्लं. अॅल्युमिनियमवर पांढरी बुरशी यावी तशी भुकटी धरली, रिबिटांभोवती पत्रा फुगला, मग एका सुट्टीत ते किलोच्या भावाने भंगारात गेलं. मला नंतर कळलं. एक तास कार्यक्रम चालू ठेवला असता तर छप्पर झालं असतं, असं अजून मला तोंडावर सांगणारे आहेत. झालं असतं, कदाचित. एचटी-२चा सल जायचा नाही. तरीही दोरीच्या आत पोरं असताना इंजिन चालू ठेवणाऱ्याच्या हातचं छप्पर मला नको होतं. आजही नको. यावर माझ्याशी वाद घालायला येऊ नकोस.

जुनं विमान वाचवायचं म्हणजे ते उडवायचं, हा हट्टही जरा तपास. ब्रिटनचं जुनं बॉम्बर व्हल्कन एक्सएच५५८ किती प्रेमाने, किती लोकांच्या वर्गणीतून २००७ला पुन्हा उडवलं होतं. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये ते कायमचं खाली उतरलं. विमान आजारी नव्हतं. त्याच्या तांत्रिक जबाबदारीवर सही करणाऱ्या कंपन्यांनी सांगितलं, की हे विमान आतून ओळखणारी माणसं आता निवृत्त होत चालली, यापुढे आम्ही सही करणार नाही. चाहते चिडले. मी मनातल्या मनात त्या सही न करणाऱ्यांना नमस्कार केला. जुन्या जेटमध्ये वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटच्या काडतुसांचं आयुष्य कॅलेंडरवर मोजतात, विमान उभं राहिलं तरी ती म्हातारी होतातच. नवी कोण बनवणार? बनवली तर कोण तपासणार? मिग-२१ अमेरिकेत खासगी लोकांकडे आहेत, म्हणून इथेही असावं, असं तू लिहिलंस. ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीला टेकणारं विमान आहे ते. सुटे भाग आणि पैसे मिळतीलही एक वेळ. पण आज नको, असं त्या विमानाकडे बघून सांगू शकणारा तपासनीस तू कुठून आणणार? आम्ही किती दिवस पुरणार?

वायुसेनेच्या ‘परशुराम’ डकोटाला फ्लायपास्टसाठी बोलवायची कल्पना गोड आहे. व्हीपी ९०५ हा नंबर ऑक्टोबर १९४७ला श्रीनगरला पहिल्यांदा उतरलेल्या डकोटाची आठवण म्हणून आहे, ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन ते २०१८ला इकडे आलं, हे सगळं तू बरोबर लिहिलंस. पण त्याला बोलवायला कॉलेजचं लेटरहेड पुरत नाही. शिवाय इकडे ओझरची धावपट्टी, तिकडे गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टर, देवळालीला तोफखान्याचा सराव. नाशिकवरचं आकाश दिसतं तेवढं मोकळं नाही. आधी जिल्हाधिकारी कार्यालय, पोलिस आणि हवाई वाहतूक नियंत्रणाकडे जा. तिथले लोक नाही म्हणतील. म्हणू दे. नाही म्हणणाऱ्याकडून कारण लेखी घे, ते पुढच्या वर्षी कामाला येतं.

तारखेबद्दल. प्रायोजक २६ जानेवारीला लग्नाच्या मुहूर्तासारखा धरून बसलाय. त्या सकाळी शहरातले पोलिस ध्वजवंदनाच्या बंदोबस्तात असतात, तुझ्या दोरीपाशी कोण येणार? संक्रांत नुकतीच झालेली, झाडांवरून आणि तारांवरून नायलॉन मांजा लोंबत असतो. एकदा पंख्यात गुंडाळला की इंजिन जागच्या जागी बंद. सकाळी धुकं. आणि थंडी म्हणजे नांदूरमध्यमेश्वरला पाखरांचा हंगाम, ती थव्यांनी ये-जा करतात, त्यांना तुझी कार्यक्रमपत्रिका कुणी दिलेली नसते. फेब्रुवारीचा एखादा रविवार बघ, आणि त्याच्या पुढचा रविवार राखीव ठेव. राखीव तारीख नसली की थांबवणाऱ्याच्या गळ्याला फास बसतो.

२१ नोव्हेंबर २०२५ला दुबईत आपलं तेजस पडलं, विंग कमांडर नमांश स्याल गेले. महिनाभर आधी, १७ ऑक्टोबरला, ओझरवरून नवं तेजस मार्क-१ए पहिल्यांदा उडालं होतं, आम्ही सगळे अजून त्याच आनंदात होतो. दुबईत शो पुढे चालू राहिला. एफ-१६ घेऊन आलेल्या अमेरिकन पथकाने मात्र आपलं सादरीकरण रद्द केलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसाबद्दल मला एवढंच बोलायचंय.

आता प्रायोजकाला काय लिहायचं ते सांगतो, जसंच्या तसं लिही: ‘वारा, दृश्यमानता, पक्षी, प्रेक्षकांची शिस्त किंवा अन्य कोणत्याही कारणाने उड्डाण थांबवण्याचा अंतिम अधिकार उड्डाण संचालकाचा राहील. त्यासाठी कारण देणे बंधनकारक नसेल आणि देणगी परत मागता येणार नाही.’ खाली त्यांची सही घे. सही करणार नसतील तर त्यांचा फ्लेक्स त्यांना परत दे. पैसे कमी पडले तर उडवणं रद्द कर, मॉडेल टेबलावर मांड, पोरांना हात लावू दे, आमच्यातले दोन-तीन म्हातारे येऊन बोलतील. टेबलावरची विमानंही बघायला लोक येतात.

संचालक म्हणून माझं नाव घालू नकोस. गुडघे गेलेत, मैदानभर फिरणं होणार नाही, आणि माझं नाव बघून जुने लोक येणारही नाहीत. तुझं घाल. ग्रुपमधल्या सगळ्यांकडून आधी कबूल करून घे, की तू माइक घेतलास तर कुणी हिसकावणार नाही. जो आढेवेढे घेईल त्याला रिमोट द्यायचा नाही, कितीही चांगला उडवत असला तरी. विशेषतः चांगला उडवत असला तर.

रविवारी दुपारी ये. नवा आराखडा घेऊन ये. जुना आणलास तर चहा मिळेल, सही मिळणार नाही.

तुझा,
काका

ता. क. दोरीऐवजी बांबूचं कुंपण कर आणि तेही दुहेरी, मध्ये दहा पावलं मोकळी. रस्त्याच्या बाजूला चार माणसं ठेव आणि त्यांना आभाळाकडे पाठ करून उभं राहायला सांग. बदल्यात त्यांना आदल्या दिवशी सरावाला बोलव, पोटभर विमानं बघू देत.