दुसऱ्या वर्षाची लसूणघास जागोजागी वाळतेय, मुळाशी कोणतं औषध सोडू?

औषधाचं नंतर बघू. आधी एक वाळत आलेलं आणि एक चांगलं झाड मुळासकट काढा आणि मूळ उभं चिरा. आत तांबूस-तपकिरी रेघ दिसली तर तो मर रोग, फ्युजारियम बुरशीचा. मूळ मऊ पडून वास येत असेल तर पाणी साचून लागलेली कूज, तिथे चर काढा.

आमच्या घरात यावरून मोठा वाद झाला होता. राहुरी विद्यापीठाची आर.एल.-८८ ही लसूणघासाची जात होती, तीन वर्षं चालते म्हणून हौसेनं केलेली. दुसऱ्या उन्हाळ्यात काही ठिकाणी कापणीनंतर फुटवाच येईना. शेंडे दुपारी माना टाकायचे, रात्री सावरायचे, मग एकाच अंगाच्या फांद्या पिवळ्या पडायच्या. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, तहानलंय ते, पाणी सोडा." मी मूठभर माती दाबून दाखवली, लाडू वळला. बुरशी मुळातल्या वाहिन्याच बंद करते, ठिबकच्या नळीत क्षार बसतात तशी. मग खाली कितीही ओल असली तरी पाणी वर चढत नाही. भाऊजींनी तरीही रात्री लाईट आली की वाफे तुडुंब भरले. पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात गेलं आणि मरही त्याच वाटेनं गेली.

दुकानदार आळवणीचं, म्हणजे पाण्यात कालवून मुळाशी ओतायचं, औषध देतच होता, मी घेऊ दिलं नाही. रोज कापून गोठ्यात जाणारा चारा आहे, आज औषध ओतायचं नि उद्या दूध डेअरीला घालायचं, हे मला पटत नाही.

रोगट झाडं उपटून जाळा, बांधावर टाकू नका. चांगला भाग आधी कापा, रोगट शेवटी, आणि विळा धुवा. मोकळ्या जागी पुन्हा लसूणघास टोकू नका, बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते. तिथे मका नाहीतर कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, करा. नवी लागवड दुसऱ्या, निचऱ्याच्या रानात, बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळून. मात्र लागलेली मर ट्रायकोडर्मानं बरी होत नाही. आणि हो, मुळावरच्या गाठी नखानं सुटत नसतील तर सूत्रकृमीही (मातीतले अगदी बारीक जंत) आहे, तेव्हा मर आणखी जोर धरते.

भाऊजी अजून म्हणतात, त्या वर्षी पाणी कमी पडलं. पाटापलीकडच्या वाफ्यांना ते रात्रीचं पाणी पोचलंच नव्हतं, आणि ते आम्ही तिसऱ्या वर्षीही कापले.