अपवादाने नियम सिद्ध होतो, तो कसा?

तुमचा प्रश्न असा आहे: "अपवाद सापडला तर नियम खोटा ठरायला हवा. मग 'अपवादाने नियम सिद्ध होतो' असं का म्हणतात? आणि मूळ अर्थ हरवलेले असे इंग्रजी वाक्प्रचार आणखी आहेत का?"

तुमची शंका रास्त आहे. आज हे वाक्य ज्या अर्थाने वापरतात, त्या अर्थाने ते तर्काला धरून नाहीच. कुणी म्हणतं, "गणितात हुशार असलेली मुलं भाषेत कच्चीच असतात." आपण दोन्हींत हुशार असलेली मुलगी दाखवतो. लगेच उत्तर येतं, "अहो, अपवादाने नियम सिद्ध होतो!" आणि ज्याचं म्हणणं खोडून निघालं तोच जिंकल्यासारखा उठून जातो. मला याची मनापासून चीड येते, कारण मूळ वाक्य फार शहाणं आहे.

मी कोर्टाच्या कागदपत्रांचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. हे वाक्य मराठीत इंग्रजीतून आलं, पण ते मुळात कायद्याचं आहे हे मला या कामामुळेच कळलं. इ.स.पू. ५६ मध्ये रोममध्ये बाल्बस नावाच्या माणसावर खटला चालला. तो गादेसचा, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या कादिझचा. सेनापती पॉम्पेने त्याला रोमचं नागरिकत्व दिलं होतं आणि ते बेकायदा आहे असा आरोप होता. त्याच्या बाजूने रोमचा नामांकित वकील आणि वक्ता सिसेरो उभा राहिला. रोमने काही जमातींशी केलेल्या तहांत "यांच्यातल्या कुणालाही रोमचं नागरिक करू नये" असं कलम होतं. सिसेरोचं म्हणणं असं की, काही तहांत मनाई मुद्दाम लिहावी लागली, त्याअर्थी जिथे ती लिहिलेली नाही तिथे मुभा आहे. गादेसच्या तहात ती नव्हती. बाल्बस सुटला.

याच युक्तिवादाचं पुढे लॅटिन सूत्र झालं आणि सतराव्या शतकात ते इंग्लंडच्या वकिलांच्या तोंडी रुळलं: जी प्रकरणं अपवादात येत नाहीत, त्यांच्यापुरता अपवाद नियम सिद्ध करतो. कोर्टाबाहेर पडताना त्यातला "त्यांच्यापुरता" हा तुकडा गळाला आणि सगळा घोटाळा झाला.

तुमच्या गल्लीतल्या दुकानावर "सोमवारी दुकान बंद" अशी पाटी असेल. बाकी सहा दिवस दुकान उघडं असतं असं तिच्यावर कुठेही लिहिलेलं नसतं, तरी मंगळवारी तुम्ही बिनधास्त पिशवी घेऊन निघता. सोमवारच्या अपवादाने उरलेल्या दिवसांचा नियम सिद्ध केला, तो असा. म्हणजे इथे अपवाद हा कुणीतरी मुद्दाम सांगितलेला, लिहिलेला असावा लागतो. नियम मोडणारं उदाहरण अचानक सापडलं, तर त्याला हे सूत्र लागू होत नाही.

मूळ इंग्रजी वाक्यातला 'प्रूव्ह' म्हणजे इथे 'सिद्ध करणे' नसून 'कसोटी पाहणे', म्हणून अपवाद नियमाची कसोटी पाहतो, असाही एक खुलासा वाचायला मिळतो. त्या शब्दाचा तो जुना अर्थ खरा आहे. पुडिंगची परीक्षा खाण्यात होते, या म्हणीत 'प्रूफ' त्याच अर्थाने येतो. पण या वाक्याचं मूळ कायद्यात असल्यामुळे तो खुलासा मला पटत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं सर्वांत आवडतं उदाहरण शेक्सपिअरच्या हॅम्लेटमधलं आहे. नाटक साधारण १६०० सालचं. मध्यरात्र आहे, थंडी मी म्हणते आहे, हॅम्लेट किल्ल्याच्या तटावर उभा आहे. आत नवा राजा दारू पितोय आणि त्याच्या प्रत्येक प्याल्याला नगारे, कर्णे, तोफा वाजताहेत. त्याचा मित्र होरेशिओ विचारतो, ही इथली रीत आहे का? हॅम्लेट म्हणतो, आहे. मी इथलाच, या रीतीत जन्मलेला, तरी मला वाटतं की ही रीत पाळण्यापेक्षा मोडण्यातच जास्त मान आहे.

या एका वाक्यातले दोन वाक्प्रचार आज दोन्ही सरकलेले आहेत. "मोडण्यात जास्त मान" याचा अर्थ लोक आता "पाळण्यापेक्षा जास्त वेळा मोडला जाणारा नियम" असा घेतात, म्हणजे मानाची गोष्ट मोजणीची झाली. आणि "रीतीत जन्मलेला" यातला 'मॅनर' ऐकायला जहागिरीच्या वाड्याला म्हणतात त्या 'मॅनर'सारखाच, म्हणून त्याचा "वाड्यात जन्मलेला", अर्थात खानदानी श्रीमंत, असा अर्थ झाला. बीबीसीने १९७९ मध्ये याच श्लेषावर एका विनोदी मालिकेचं नाव ठेवलं, तेव्हा चुकीचं रूप आणखी पक्कं झालं असणार.

खुशामत करणे या अर्थी 'करी फेव्हर' म्हणतात, त्यात आमटी-रश्श्याची करी नाही. ही 'करी' म्हणजे घोड्याला खरारा करणे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका फ्रेंच उपहासकाव्यात फोव्हेल नावाचा पिवळट रंगाचा घोडा आहे. त्याच्या नावाचं प्रत्येक अक्षर एकेका दुर्गुणाचं, पहिलं खुशामतीचं, दुसरं हावरेपणाचं. राजे आणि धर्मगुरूसुद्धा त्याला खरारा करायला येतात. इंग्रजीत आधी "फेव्हेलला खरारा करणे" असंच म्हणत. पुढे तो घोडा कुणाला आठवेना, तेव्हा लोकांनी त्याच्या जागी ओळखीचा 'फेव्हर', म्हणजे मेहेरनजर, आणून बसवला. बहुतेक ठिकाणी असंच घडतं: वस्तू किंवा धंदा जातो, शब्द मागे राहतात आणि आपण त्यांना जवळचा वाटेल तो अर्थ देतो.

'मूट पॉइंट'ने मात्र मला कामात खरोखर अडवलं. लंडनच्या वकिली शिकवणाऱ्या संस्थांत विद्यार्थी काल्पनिक खटले लढवायचे, त्यांना 'मूट' म्हणत. आपल्या लॉ कॉलेजांत आजही मूट कोर्ट भरतं ते हेच. त्यामुळे मूट पॉइंट म्हणजे वाद घालण्याजोगा मुद्दा. पण त्या लुटुपुटूच्या खटल्याच्या निकालाने कुणाचंच काही बदलत नसे, म्हणून अमेरिकेत 'मूट' म्हणजे आता ज्याला अर्थ उरला नाही असा मुद्दा. दोन अर्थ जवळजवळ उलटे! भारतीय निकालपत्रात हा शब्द आला की मी सहसा "विवाद्य मुद्दा" लिहिते, कारण आपली कोर्टं दुसऱ्या अर्थासाठी बहुधा 'इन्फ्रक्च्युअस' म्हणतात. अमेरिकी निकालाचा उतारा असेल, तर आधी संदर्भ दोनदा वाचते.

हे फक्त इंग्रजीतच होतं असं नाही. फारसीत राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद. हिंदी भागातल्या कोर्टांत आजही राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांची तडजोड. मराठीत राजीनामा दिला की माणूस नोकरी सोडून घरी येतो.

तुम्ही शेवटी विचारलंय की मुलाला परीक्षेत कुठला अर्थ लिहायला सांगू. 'करी फेव्हर' आणि 'मॅनर'साठी आजचा अर्थ सांगा, परीक्षक तोच धरतील. अपवादाच्या वाक्यासाठी मात्र त्याला सोमवारच्या पाटीचं उदाहरण द्यायला सांगा.