नवरे मारायचं पुस्तक वाचताय व्हय?

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातली, गावातल्या बचत गटात आहे. लेकीनं बेळगावातनं 'द बँडिट क्वीन्स' ही इंग्लिश कादंबरी आणली, रात्री जेवणं झाली की ती मला मराठीत सांगत बसते. एका बाईचा नवरा पळून गेलाय, गाव म्हणतंय हिनंच मारला, मग बाकीच्या बाया येऊन आमचा पण काटा काढ म्हणतात. आम्ही दोघी पोट धरून हसतो, तर सासूबाई म्हणाल्या, कुंकवावर हसतात व्हय गं? तेव्हापासून मनात खुपतंय. चुकतंय का आमचं?

उत्तर : अजिबात नाही हो. पारिनी श्रॉफ यांची ही कादंबरी २०२३ ची, आणि तिच्यात हसू येतं ते मरणावर नाही, गावाच्या वागण्यावर येतं बघा. गीता नवऱ्याचा मार खात होती तेव्हा गुजरातमधलं ते गाव गप्प, आणि हिनं मारलाय म्हटल्यावर तेच गाव तिला घाबरून असतं. आणि ही बाई पोटासाठी करते काय, तर दुसऱ्यांची मंगळसूत्रं बनवते. एकेक काळा मणी ओवत बसलेली ती डोळ्यासमोर आली आणि मी पुस्तक मिटून ठेवलं, त्या रात्री पुढं वाचवेना.

सासूबाईंवर रागावू नका. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडताना त्यांनी कितीदा बघितलं असेल, ती भीती बोलते. आपल्या पलीकडच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत असा ग्रामसभेत ठराव केला तोच मुळी २०२२ मध्ये. ते त्यांना सांगा, त्यांना बरं वाटेल.

मला विचाराल तर खुनांपेक्षा हप्ता मोठा आहे या गोष्टीत. गीताच्या कर्जगटातल्या फराहचा नवरा पैसे दारूत घालवतो, हिचा कर्जाचा हप्ता राहतो, आणि एकीचा राहिला की अख्ख्या गटाच्या डोक्यावर, म्हणून ती गीताचं दार वाजवते. तुमच्या गटाच्या वहीत पण असं एखादं नाव असेल, जिचा हप्ता दर वेळी मागं पडतो आणि कारण कुणी विचारत नाही. तिला विचारा. नावातली बँडिट क्वीन म्हणजे फूलनदेवी, गीता तिला मनात धरून उभी राहते खरी, पण तिला सावरतात त्या या बायाच, आणि सलोनी, लहानपणीची मैत्रीण, जिच्याशी वर्षानुवर्षं वाकडं होतं. सलोनीचा भाग लेकीला घाईत उरकू देऊ नका.

आणि उद्या रात्री सासूबाईंनाही जवळ बसवा, मंगळसूत्रापासून परत सुरू करा.