चौथ्या फरशीवर थांबणारी राणी

पत्र थोडक्यात असं:

“ताई, मी ६१ वर्षांची. ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. यजमानांना पार्किन्सन्स होता, सहा वर्षं त्यांचं सगळं मीच केलं. ते गेल्याला दोन वर्षं झाली. तीन महिन्यांपूर्वी एका प्राणी संस्थेने ‘फक्त तीन आठवडे सांभाळा’ म्हणून एक म्हातारी लॅब्रेडोर आणून दिली. कुणाच्या तरी गच्चीवर वर्षानुवर्षं साखळीला होती. गळ्याभोवती केसच नाहीत. आली तेव्हा वजन २१ किलो. नाव राणी. घरात ती खिडकीपासून चार फरश्या पुढे येते आणि थांबते, जणू साखळी संपली. तीन महिन्यांत एकदाही शेपूट हलवलेली नाही. वयामुळे पाणी सारखं पिते आणि रात्री जागेवरच शू होते. आता संस्था विचारते, दत्तक घेता का? नाहीतर बदलापूरकडे बंगलेवालं एक कुटुंब तयार आहे. त्यांचं कंपाउंड मोठं आहे. मुलगा म्हणतो, आई, पुन्हा ते लोढणं नको. खरं सांगू? मला तिच्याबद्दल प्रेम वाटत नाही, कीव वाटते. शुक्रवारपर्यंत कळवायचंय.”

अहो ठाणेकर,

शुक्रवारचं मागून बघू. आधी त्या पाण्याचं. तुम्ही ‘वयामुळे’ लिहून मोकळ्या झालात, पण म्हाताऱ्या कुत्र्याची तहान अशी वाढली की मागे बहुधा काहीतरी दुखणं असतं. मूत्रपिंडं असतील, मधुमेह असेल, आणि नसबंदी झालेली नसेल तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. (नसबंदीचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. संस्थेला आजच विचारा.) तो पू जिवावर बेततो, आणि कधीकधी बाहेरून काही दिसतही नाही. तेव्हा रक्त, लघवी आणि सोनोग्राफी उद्याच करून घ्या. तिने खाणं सोडलं किंवा मागून स्राव दिसला तर उद्याचीही वाट पाहू नका. लघवी सकाळची पहिली हवी. लांब दांड्याचा डाव मागून हळूच पुढे सरकवायचा, जमतं. तो डाव मग परत आमटीत घालू नका म्हणजे झालं. आणि रात्री ओलं होतं म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तेच तिला महागात पडेल.

उठताना तिची मागची बाजू थरथरते का? या वयाच्या लॅब्रेडोरचे सांधे बहुतेक दुखतातच. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन द्यायचा मोह होईल. अजिबात नाही. माणसाची साधी गोळी कुत्र्याला विष ठरू शकते. औषध डॉक्टर देतील. तुम्ही खिडकीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुन्या सतरंज्या किंवा योगाची मॅट अंथरा. गुळगुळीत टाइल्सवर दुखऱ्या पायांचं कुत्रं बर्फावर चालल्यासारखं चालतं. कोण जाणे, ती चौथ्या फरशीवर साखळीच्या सवयीने थांबत असेल किंवा पुढे पाय घसरतो म्हणूनही. बहुधा दोन्ही.

आता कंपाउंड. ‘तिला मोकळी जागा मिळेल’ हा तुमचा विचार प्रेमळ आहे, पण लॅब्रेडोर दहा-बारा वर्षं जगते आणि हिची बरीचशी सरलेली दिसतात. तिला धावायचं नाहीये. तिला कोरडी जागा हवी, मऊ अंथरूण हवं आणि ठरल्या वेळी जेवण हवं. आपल्याकडे बंगलेवाला कुत्रं मागतो तेव्हा निम्म्या वेळा त्याला राखण हवी असते. राखण म्हणजे बाहेर, आणि बाहेर म्हणजे पुन्हा साखळी. आखूड साखळीला जनावर बांधून ठेवणं प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड लिहिलाय तो दहा ते पन्नास रुपये! एवढ्यात आता पट्टाही येत नाही. ते कुटुंब चांगलंही असेल, मी नाही म्हणत नाही. त्यांना एकच विचारा, रात्री ही कुठे झोपणार? ‘घरात’ हे उत्तर लगेच आलं तर पुढे बोला. ‘बघू, पोर्चमध्ये करू काहीतरी’ आलं तर फोन ठेवा.

पण तुमचा खरा घोळ बंगल्याचा नाही. मुलाच्या ‘पुन्हा’ या शब्दाचा आहे. पहाटे तीनला ओली चादर काढताना तुमच्या हातांना ती सहा वर्षं आठवत असणार. त्या वेळी तुम्हाला नाही म्हणायची सोयच नव्हती. बायको होता, केलंत. या वेळी सोय आहे, आणि तिचा वापर करायला तुम्हाला लाज वाटतेय असं मला पत्रभर वाटत राहिलं.

मी एकदा वापरली. एक धिप्पाड म्हातारं कुत्रं सांभाळायला आणलं आणि महिन्याभरात परत दिलं. त्याला जिन्यावरून उचलताना माझी कंबर गेली. आठ दिवस मी स्वतःला शिव्या दिल्या. तो तळमजल्यावरच्या एका निवृत्त मास्तरांकडे गेला आणि मला पार विसरला. पुढे एकदा भेटायला गेले तर हातातल्या पिशवीचा वास घेऊन मास्तरांकडे निघून गेला!

तेव्हा हो किंवा नाही म्हणण्याआधी अटी घाला. एक, औषधपाणी आणि तपासण्यांचा खर्च कोण करणार? म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी काही संस्था कायमच्या सांभाळाची सोय करतात. कुत्रं तुमच्या घरी, बिल त्यांच्याकडे. विचारायला संकोचू नका. दोन, तुम्ही आजारी पडलात तर ती कुठे जाणार? ‘बघू’ नको, एका माणसाचं नाव हवं, तेही लिहून. तीन, जेवण भरल्यावर तिचं वजन वाढणार. तुम्ही तिला उचलायचं नाही, हे आजच ठरवा. लिफ्ट हवीच. सोसायटीत कुणी ‘कुत्रं जिन्याने न्या’ म्हणालं तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत सेक्रेटरींच्या हातात द्या. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, आणि लिफ्ट नाकारणंही त्यात बसत नाही. भांडू नका, कागद द्या. लिफ्ट ओली झाली तर मात्र आपणच पुसायची.

या अटी कुणी मानल्या नाहीत तर ‘नाही’ म्हणा आणि ती योग्य घरी जाईपर्यंत सांभाळा. तेही दत्तकाहून कमी काम नाही.

आणि ती कीव. राहू दे की! राणीला तुमच्या प्रेमाची कल्पना नाही, साडेसातच्या भाताची आहे. तीन महिन्यांत तिने शेपूट हलवली नाही म्हणून तुम्ही नापास झालात असं समजू नका. एवढी वर्षं साखळीला राहिलेलं जनावर कुणी जवळ आलं की आधी पायांकडे बघतं. तुम्ही सरळ तिच्याकडे जाऊ नका. पाचव्या फरशीवर पाठ करून बसा, हातात शेंगा सोलायला घ्या, बोलू नका.

शुक्रवारी संस्थेला फोन कराल तेव्हा तपासणीचे कागद समोर ठेवा. आणि मला एवढं कळवा, नसबंदी झाली होती का?

तुमची,
ताई