अमेरिकेतल्या खेड्यांत मक्याच्या शेतात मधेच जुनी थडगी दिसतात. ती कोणाची, कोण सांभाळतं, बघायला जाता येतं का? आणि एवढी सुपीक जमीन का अडवून ठेवलीय?

प्रश्नातला शेवटचा तुकडा नसता तर मी लिहायला बसले नसते. थडगी कोणाची आणि कोण सांभाळतं, हे इथला कुणीही सांगेल. पण ‘सुपीक जमीन का अडवून ठेवलीय’ हे मी सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलंय, तेही आमच्या आज्जीच्या समाधीबद्दल. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

मी आयोवात राहते, सीडर रॅपिड्सला. शहरातून कुठल्याही बाजूला थोडी गाडी हाकली की मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. त्यात मधेच दोन-चार काळपट हिरवी सीडरची झाडं, खाली पाच-सहा पांढरे दगड, भोवती कधी तारेचं कुंपण, कधी तेही नाही. हे सीडर बहुतेक वेळा मुद्दाम लावलेले असतात, बारा महिने हिरवे राहतात म्हणून. दुरून जागा ओळखायची ती त्यांच्यावरूनच. जवळ गेलात तर पिओनी किंवा लायलॅकची झुडपंही सापडतील, लावणाऱ्यांच्या पणतवंडांनाही ठाऊक नसलेली.

थडग्यांतली माणसं म्हणजे इकडे ज्यांना पायोनिअर म्हणतात ती, पहिले गोरे वसाहतवाले. १८३२च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर इथल्या सॉक आणि मेस्क्वाकी आदिवासींकडून मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा पट्टा काढून घेतला आणि १ जून १८३३ पासून तो गोऱ्यांना वसायला खुला झाला. १८४६च्या डिसेंबरात आयोवा राज्य झालं. सुरुवातीच्या वर्षांत ना गाव, ना चर्च. माणूस गेलं की घरामागच्या उंचवट्यावर पुरायचं. बाळंतपण, कॉलरा, घटसर्प, कारणं आपल्याकडचीच. पुढे कुटुंबं कॅन्सस-नेब्रास्काकडे सरकली, शेतं विकली, थडगी तिथेच राहिली.

सांभाळतं कोण? काही जागा टाउनशिपच्या ताब्यात असतात. टाउनशिप म्हणजे साधारण सहा मैल लांब, सहा मैल रुंद तुकडा. त्याला तीन निवडून आलेले ट्रस्टी असतात, आणि स्मशानं राखणं हे त्यांच्या मोजक्या कामांतलं एक. काही जागा चर्चच्या, काही कुणाच्याच नाहीत. आयोवाच्या कायद्यात गेल्या ५० वर्षांत १२ किंवा त्याहून कमी दफनं झालेली जागा ‘पायोनिअर’ धरतात, आणि काउंटीला (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) हवं तर अशा जागांसाठी आयोग नेमता येतो. बाकी सगळं शेतकऱ्याच्या मर्जीवर. आणि त्या मर्जीबद्दलच मला सांगायचंय.

करोनाच्या आधीच्या एका उन्हाळ्यात ऑफिसातल्या एका बाईंनी मला बरोबर नेलं. त्यांना जुन्या दगडांचे फोटो काढून ‘फाइंड अ ग्रेव्ह’ या संकेतस्थळावर चढवायचा नाद. शेताच्या मालकाला आधी फोन केलेला होता, तरी तो स्वतः आला, सत्तरीचा गडी, टोपीवर बियाणं कंपनीचं नाव. सोयाबीन घोट्याएवढं होतं. दगड पाच, त्यातला एक आडवा पडलेला. संगमरवर पावसाने इतका झिजलेला की बोटांनी चाचपून अक्षरं लावावी लागत होती. आमच्या बाईंनी पिशवीतून आरसा काढला आणि उन्हाची तिरीप कडेने पाडली, तशी अक्षरं वर आली. वय वर्षं, महिने, दिवस असं खोदलेलं. एका दगडावर कोकरू, म्हणजे लहान मूल. बाईच्या दगडावर तिचं नाव आणि खाली ‘अमक्याची बायको’. तेवढंच.

मी त्या आजोबांना विचारलं, ही तुमची माणसं का? म्हणाले, नाही, वडिलांनी शेत घेतलं तेव्हा आयतीच मिळाली. नावं तरी माहीत आहेत का? एकाचं माहीत होतं, बाकी वाचता येत नाहीत म्हणाले. मग मी आगाऊपणे विचारलं, पेरताना अडचण होत असेल ना? तर माणूस खुलला. पेरणीयंत्र २४ ओळींचं, दोन ओळींत ३० इंच, म्हणजे ६० फूट रुंद धूड. ते या पाच दगडांभोवती वळवायचं तर डिझेल जातं, वेळ जातो, कडेच्या ओळी दुबार पडतात. हे सगळं त्यांनी तक्रार केल्यासारखं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, म्हणून ट्रॅक्टरच्या जीपीएसमध्येच ती हद्द टाकून ठेवलीय, मुलगा चालवत असला तरी मशीन तिथे पेरत नाही.

मला तिथल्या तिथे अण्णाला, म्हणजे माझ्या त्या भावाला, फोन लावावासा वाटला. वेळेच्या फरकाने वाचला.

आता अण्णाचं. आमचं गाव लातूर जिल्ह्यात, आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात; बसवून, हातात इष्टलिंग, अंगाला विभूती, वर बेल. गावची दफनभूमी असते, पण ज्याला रान आहे तो बहुतेक आपल्या रानातच देतो. आमच्या धुऱ्याला, म्हणजे रानाच्या बांधाला, बाभळीखाली पणजोबांपासूनच्या समाध्या होत्या. शेवटची आज्जीची: दगडी कट्टा, वर कोरलेला नंदी, नाव नाही. दर अमावस्येला आई तिथे दिवा लावायची. वडील गेल्यावर वाटणीची वेळ आली तेव्हा मी हक्कसोडपत्रावर सही करून दिली. कुणी जबरदस्ती केली नाही. अण्णा रानात राबतो, मी इथे एसीत बसते, त्यात मला चूक वाटली नव्हती आणि आजही वाटत नाही. पण हक्क सोडला तो जमिनीवरचा. आज्जीवरचा नाही.

दोन वर्षांनी शेततळं खोदायला जेसीबी आला आणि धुरा साफ झाला. मला कळलं ते चुलत बहिणीकडून.

अण्णाचे मुद्दे तीन. एक, देह मातीत मिसळला, माती रानात मिसळली, यात वाईट काय. दोन, आपल्या धर्मात स्थावराला, म्हणजे एका जागी रोवलेल्याला, किंमत नाही; जंगमाला, म्हणजे चालत्या-फिरत्याला, आहे. दगड कसले पुजता. तीन, तुला काय जातंय तिकडे बसून बोलायला. दुसऱ्या मुद्द्यात दम आहे, हे मी त्यालाही सांगितलंय. पण स्थावराचा एवढा तिटकारा असलेल्या माणसाने शेततळ्याच्या बांधावर स्वतःच्या नावाची पाटी लावू नये. आणि हे सगळं कशासाठी, तर उसासाठी. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने प्यायचं पाणी आणावं लागलं, तिथे ऊस! समाध्यांची जागा जेमतेम दोन गुंठे. भरघोस पिकलं तरी दोन टन निघेल. दोन टनांसाठी चार पिढ्या.

तर तुमच्या ‘सुपीक’बद्दल. आयोवाची जवळजवळ ८५ टक्के जमीन एकेकाळी प्रेअरी, म्हणजे उंच गवताचं माळरान होती. जॉन डिअर नावाच्या लोहाराने १८३७ मध्ये पोलादी नांगर केला, त्याला ती चिकट माती चिकटेना, आणि पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत सगळं उलथून झालं. मूळ प्रेअरी आज ०.१ टक्काही उरलेली नाही. उरली ती कुठे? रेल्वेच्या कडेने आणि या स्मशानांत, कारण तिथे नांगर गेला नाही. जिथे अशी न नांगरलेली पट्टी शेताला लागून आहे, तिथे ती शेतापेक्षा फूटभर उंच दिसते. संशोधकांनी मोजलंय. ती उंच झालेली नाही, भोवतालचं शेत खाली गेलंय. माती वाहून गेली, वाऱ्याने उडाली. तेव्हा सुपीक जमीन कुणी अडवली आणि कुणी घालवली, ते त्या पायरीवर उभं राहून ठरवा.

बघायचंच असेल तर सीडर काउंटीतलं रॉचेस्टर गाठा, आयोवा सिटीच्या पूर्वेला, आंतरराज्य ८० महामार्गापासून जवळ. साधारण १३ एकर, वाळूच्या टेकड्या, वसाहतीच्याही आधीचे ओक, आणि थडग्यांच्या मधून चारशेच्या आसपास जातींच्या वनस्पती. मे महिन्यात गेलात तर शूटिंग स्टारची गुलाबी-पांढरी फुलं दगडांना टेकलेली दिसतील. तिथे अजूनही दफनं होतात, म्हणजे हे मेलेलं स्मशान नाही. आणि म्हणूनच तिथे जुनं भांडण आहे. काहींना वाटतं, आमच्या माणसांवर तण माजू दिलंय, लॉनसारखं कापून ठेवा. काहींना वाटतं, हे तण नाही, राज्यात उरलेली शेवटची प्रेअरी आहे, यंत्र फिरवाल तर परत येणार नाही. काही घरं आपापल्या थडग्यांपुरतं गवत कापतात, बाकी राहू देतात. मी गवताच्या बाजूची. लॉन इथे मैलोगणती पडलंय, त्यासाठी स्मशानात यायची गरज नाही. पण एखादी म्हातारी आपल्या नवऱ्याभोवतीची चार हात जागा कापत असेल तर तिला जीवविविधतेवर व्याख्यान देऊ नये, एवढंही मला वाटतं.

पायोनिअरांचं कौतुक मात्र माझ्याच्याने होत नाही. इथल्या लोकांना त्यांचा उमाळा येतो, येऊ दे. पण याच राज्यात मिल्स काउंटीत ग्लेनवूडजवळ १९७१ मध्ये रस्त्याच्या कामात एक विसरलेलं स्मशान लागलं. २६ गोऱ्या वसाहतवाल्यांचे सांगाडे निघाले, ते नव्या पेट्यांत घालून गावच्या स्मशानात सन्मानाने पुरले. तिथेच एक आदिवासी स्त्री आणि तिचं बाळ निघालं. त्यांना अभ्यासासाठी खोक्यात घालून नेलं. मारिया पिअरसन नावाच्या, यँक्टन डकोटा या आदिवासी जमातीच्या बाईंना हे घरीच कळलं, कारण त्यांचे यजमान राज्याच्या रस्तेखात्यात इंजिनिअर होते. त्या पारंपरिक पोशाखात थेट गव्हर्नर रॉबर्ट रे यांच्या कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या. त्यातून १९७६ चा आयोवाचा दफन संरक्षण कायदा झाला, देशात पहिला, आणि आदिवासींचे अवशेष त्यांच्या जमातींना परत करायच्या १९९० च्या राष्ट्रीय कायद्याची वाटही तिथूनच निघाली. तेव्हा मेलेल्यांना जागा मिळते ती आपोआप नाही. कुणीतरी बाई जाऊन भांडते तेव्हा मिळते. (अण्णा, हे तुला.)

आता जाण्याबद्दल. जा, काही हरकत नाही. टाउनशिपचं किंवा चर्चचं स्मशान दिवसाउजेडी सगळ्यांना खुलं असतं. शेताच्या पोटात असेल तर मालकाला आधी विचारा. चहूबाजूंनी खासगी जमिनीने वेढलेल्या स्मशानात भेट देणाऱ्याला वाट द्यावी असं आयोवाचा कायदा म्हणतो, पण कायदा खिशात ठेवून फोन करा, काम लवकर होतं. पीक तुडवू नका. दगडाला टेकून फोटो काढू नका, जुने दगड नुसते मातीत रोवलेले असतात, अंगावर येतात. अक्षरं दिसावीत म्हणून खडू किंवा दाढीचा साबण फासणारे लोक आहेत, त्यांच्यातले होऊ नका; आरसा न्या. साफ करायचाच असेल तर परवानगी घेऊन, साधं पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश, ब्लीच, प्रेशर वॉशर अजिबात नाही. निळसर राखाडी रंगाचं, अक्षरं काल कोरल्यासारखी ठसठशीत असलेलं थडगं दिसलं तर टिचकी मारून बघा, पोकळ वाजेल. ते जस्ताचं. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टची एक कंपनी १८७० च्या दशकापासून १९१४ पर्यंत ती ओतून द्यायची, ‘पांढरं कांस्य’ असं भारदस्त नाव देऊन. संगमरवरापेक्षा स्वस्त आणि संगमरवरापेक्षा टिकाऊ.

राहून गेलेलं: वर सांगितलेला कायदा आयोवाचा आहे, तुम्ही ओहायोत किंवा टेक्ससमध्ये असाल तर तिथला बघा. गोचिड्या फार असतात, पायमोजे पँटवर ओढून घ्या. हरणांच्या शिकारीच्या दिवसांत नारिंगी जाकीट घाला. आणि सगळेच शेतकरी त्या आजोबांसारखे नसतात. दगड उपटून धुऱ्याला टाकलेलेही मी बघितलेत, म्हणजे अण्णा इथेही आहेत.

भारतात कुणाच्या रानात समाध्या असतील त्यांच्यासाठी एक. महाराष्ट्रात एखाद्या समाजाची दफनभूमी किंवा स्मशान असलेली जागा सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीत न धरलेली जमीन) वर्ग ‘ब’मध्ये दाखवता येते, तिच्यावर आकारणी होत नाही. घरच्या समाध्यांसाठी तलाठ्याशी बरंच डोकं लावावं लागेल, पण भाऊ-भाऊ वेगळे होण्याआधी, मोजणीच्या वेळीच लावा. एकदा कागदावर आलं की जेसीबीवाला निदान विचारतो. अण्णा म्हणतो, पोटखराबा दाखवला की पीककर्जाला क्षेत्र कमी धरतात. दोन गुंठ्यांनी किती कमी धरतात, ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही.