ओढ्यात ‘केमिकल खाणारे’ बॅक्टेरिया सोडून उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न असा: गावाच्या ओढ्यात एमआयडीसीचं पाणी येतं, एक विक्रेता ‘केमिकल खाणाऱ्या’ बॅक्टेरियाची पावडर घ्या म्हणून ग्रामपंचायतीच्या मागे लागलाय. उपयोग होईल का, आणि असे बॅक्टेरिया माणसाला बाधतात का?

मायक्रोबायोलॉजी शिकून मी आठ वर्षं सांडपाणी प्रक्रियेच्या प्रकल्पांवर काढली. पावडरीचं आधी सांगतो: पैसे पाण्यात. अगदी शब्दशः.

पाकिटातून जे येतील त्यांचे भाऊबंद तुमच्या ओढ्यात आधीच ठाण मांडून बसलेत. आम्ही नवी एरेशन टाकी (जीवाणूंना हवा पुरवून सांडपाणी साफ करायची टाकी) सुरू करायचो ती शेणाचं पाणी, गूळ, युरिया आणि डीएपी घालून. हळूहळू कारखान्याचं पाणी वाढवत न्यायचं. ज्यांना ते सोसतं ते उरतात, बाकीचे मरतात. काही आठवड्यांत त्या पाण्यावरच पोसलेला तपकिरी गाळ तयार होतो. 1989 मध्ये अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’ जहाजातून तेल सांडलं, तेव्हाही जीवाणूंकडून सफाई करून घ्यायला किनाऱ्यांवर मुख्यतः नत्र आणि स्फुरदाचं खतच मारलं. तेल खाणारे जीवाणू तिथे होतेच, त्यांना जोडीला लागणारा खुराक नव्हता.

तुमच्या ओढ्यात बहुधा कमी आहे तो ऑक्सिजन. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तो संपलाय असं धरा. अशा पाण्यात पावडरीतले पाहुणेही गुदमरणार. आणि धातू तर कुणीच खात नाही. काही जीवाणू सहा संयुजेच्या क्रोमियमचं तीन संयुजेचं, कमी विषारी क्रोमियम करतात, पण क्रोमियम जातं कुठे? गाळातच राहतं.

आता दुसरा प्रश्न. खरी काळजी इथे आहे.

विषारी पाण्यात जगायचं तर जीवाणूला विष पचवावं लागतं किंवा बाहेर फेकावं लागतं. स्यूडोमोनास पुटिडा हा जीवाणू टोल्युइनसारख्या द्रावकातही तग धरतो, कारण त्याच्या आवरणात आत शिरलेलं द्रावक उपसणारे पंप असतात. त्यातला एक पंप टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही प्रतिजैविकंही (जीवाणू मारणारी औषधं) उपसतो. पंपाला काय, बाहेर टाकायचं एवढंच ठाऊक! पाऱ्याचंही तसंच. पारा सोसण्याची जनुकं पुष्कळदा स्ट्रेप्टोमायसिन आणि सल्फा औषधांना दाद न देणाऱ्या जनुकांना खेटून, एकाच डीएनएच्या तुकड्यावर असतात. म्हणजे पाण्यात औषधाचा थेंबही नसताना नुसत्या पाऱ्यामुळे औषधाला न जुमानणारे वाढू शकतात. हे तुकडे एका जातीतून दुसऱ्या जातीत जातात, तेही अनेकदा प्लास्मिडवर, म्हणजे जीवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर बसून.

औषधच पाण्यात असेल तर विचारायलाच नको. हैदराबादजवळ पाटणचेरूला सुमारे 90 औषध कारखान्यांचं पाणी एका सामायिक प्रकल्पात येई. 2007 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी मांडलं की प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत आहे. गोळ्या घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही एवढं नसतं. त्यात जीवाणूंचं काम नीट चालावं म्हणून टाकीत घरगुती मैलापाणीही मिसळत. माणसाच्या आतड्यातले जीवाणू आणि कारखान्याचं प्रतिजैविक एकाच टाकीत, वर ब्लोअरची हवा! पुढे त्या प्रकल्पातले जीवाणूंचे 93 वाण 39 प्रतिजैविकांवर तपासले, पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेचे संशोधकही त्या कामात होते. 86 टक्के वाण 20 किंवा अधिक औषधांना दाद देत नव्हते.

आमच्या एका प्रकल्पावर असाच कुठल्या तरी विषारी पाण्याचा बॅच एका रात्रीत आला. सकाळी टाकीवर पांढरा फेस, गाळ मेलेला. दहा-बारा दिवसांनी सीओडी (पाण्यातल्या घाणीचं एक माप) परत उतरू लागला आणि आम्ही चहा मागवला. मेलेल्यांच्या जागी कोण आलं, हे कुणी तपासलं नाही. मीही नाही.

तर, केमिकल खाणारे बहुतेक जीवाणू धडधाकट माणसाला आजारी पाडत नाहीत. त्यांच्याकडची जनुकं ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला या रोग करू शकणाऱ्या जीवाणूंच्या हाती लागली की मात्र साधा मूत्रमार्गाचा संसर्गही नेहमीच्या गोळ्यांनी हटत नाही. म्हणून त्या पाण्यावर पालेभाजी घेऊ नका, उघड्या जखमेने उतरू नका.

पंचायतीने पावडरीचे पैसे पाणी तपासायला वापरावेत. सीओडी, बीओडी (जीवाणूंना कुजवता येणाऱ्या घाणीचं माप), धातू सगळं मिळेल. प्रतिजैविकांचा रकाना मात्र नेहमीच्या अहवालात नसतो: पर्यावरण मंत्रालयाच्या जानेवारी 2020 च्या मसुद्यात 121 प्रतिजैविकांच्या मर्यादा होत्या, ऑगस्ट 2021 च्या अंतिम अधिसूचनेत त्या गळल्या. ती चाचणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते, आणि महाग असते. ओढ्याच्या वरच्या अंगाला कोणते कारखाने आहेत ते कळवा. रंगांचे असतील तर त्या चाचणीवर खर्च करू नका, औषधांचे असतील तर आधी तीच करा.