‘ॲट लीस्ट’ म्हणजे नेमकं किती? : संख्याशास्त्र ठेवावं की सोडावं

पत्र : दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले, गणितात ९१ गुण होते. आता तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. पहिल्या वर्षाला आहे. गणित, संगणक आणि संख्याशास्त्र हे विषय. प्रोबॅबिलिटीचं उदाहरण सरांनी फळ्यावर सोडवलं की कळतं, पण घरी वही उघडली की सुरुवातच सुचत नाही. परीक्षेत दोन फाशांची बेरीज ७ येण्याची संभाव्यता मी १/११ लिहिली, कारण बेरजा २ ते १२ अशा अकराच असतात. उत्तर १/६ निघालं. का, ते अजून कळलं नाही. आमची पाच एकर कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि सोयाबीन. बाबा म्हणतात, ज्यात डोकं चालत नाही तो विषय सोडून दे, नाहीतरी त्यात नोकरी कुठे आहे? दुसऱ्या वर्षाचे विषय ठरवायला थोडेच दिवस उरलेत. सोडू का?
— एक विद्यार्थिनी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर :

बेटा, विषय सोडू नकोस. का ते पुढे सांगते, आधी तुझ्या १/११ कडे बघू. उत्तर चुकलं, पण ते का लिहिलं हे तू कारणासकट सांगितलंस, म्हणून दुरुस्ती सोपी झाली.

अकरा बेरजा आहेत हे खरं. पण त्या सारख्याच वेळा येतात का? एक फासा लाल आणि एक पांढरा समज. लालवर सहा आकडे, त्या प्रत्येकासोबत पांढऱ्यावर सहा, म्हणजे ३६ जोड्या. फासे चांगले असतील तर या ३६ जोड्यांपैकी कुठलीच दुसरीपेक्षा लाडकी नाही. आता मोज. बेरीज २ एकाच जोडीने येते, (१,१). बेरीज ७ सहा जोड्यांनी येते : (१,६), (२,५), (३,४), (४,३), (५,२), (६,१). म्हणून ६/३६, म्हणजे १/६. ‘अनुकूल भागिले एकूण’ हे सूत्र समशक्य, म्हणजे सारखीच शक्यता असलेल्या, निष्पत्तींनाच लागू पडतं, आणि नेमकी हीच अट पाठ करताना गळून पडते. वहीत ६ बाय ६ चा तक्ता एकदा हाताने काढ, प्रत्येक चौकटीत बेरीज लिही. सातचे आकडे तिरप्या ओळीत उभे राहिलेले दिसले की हा प्रश्न पुन्हा विचारावा लागणार नाही.

या चुकीची लाज वाटू देऊ नकोस. फ्रान्सचा द’अलांबेर हा मोठा गणिती. त्याने १७५४ साली दोन नाणी उडवल्यावर निदान एक छापा येण्याची संभाव्यता २/३ लिहिली. त्याने तीनच शक्यता धरल्या होत्या : पहिल्याच नाण्यावर छापा, दुसऱ्यावर छापा, किंवा एकावरही नाही. बरोबर उत्तर ३/४ आहे. तू जिथे अडखळलीस, तिथेच तोही अडखळला होता.

आता सुरुवात का सुचत नाही त्याकडे येऊ. दहावीपर्यंत तू ‘नमुना अवकाश’, ‘घटना’ असे शब्द वापरलेस. अकरावीला एका उन्हाळ्यात सगळं इंग्रजी झालं. तुझं गणित कच्चं नाही, प्रश्नाचं वाक्य निसटतंय. फळ्यावर सर सोडवतात तेव्हा वाक्याचा अर्थ लावण्याचं काम त्यांनी आधीच केलेलं असतं, तू पाहतेस ती फक्त आकडेमोड. म्हणून उदाहरण हातात घेतलं की सूत्र शोधू नकोस. आधी एक ओळ मराठीत लिही : मला नेमकी कशाची संभाव्यता हवी आहे? ‘ॲट लीस्ट टू’ म्हणजे दोन किंवा जास्त. ‘ॲट मोस्ट टू’ म्हणजे शून्य, एक किंवा दोन, आणि यातलं शून्य बहुतेक जण विसरतात. ‘मोअर दॅन टू’ तीनपासून सुरू होतं. ‘विदाउट रिप्लेसमेंट’ म्हणजे काढलेली वस्तू परत टाकायची नाही, त्यामुळे दुसऱ्या वेळी छेद एकाने कमी होतो. ‘गिव्हन दॅट’ दिसलं की पेन्सिलने गोल कर. त्याचा अर्थ, पुढची गोष्ट घडून गेली आहे, आता फक्त तेवढ्यातच मोज.

‘ॲट लीस्ट’चं एक उदाहरण तुमच्याच वावरातलं घेऊ. कपाशीची टोबणी करताना एका जागी दोन बिया टाकल्या आणि प्रत्येक बी उगवण्याची संभाव्यता ०.७ आहे असं समज. त्या जागी निदान एक रोप येण्याची संभाव्यता किती? सरळ वाटेने गेलीस तर पहिली उगवली दुसरी नाही, दुसरी उगवली पहिली नाही, दोन्ही उगवल्या, अशा तीन बेरजा होतात. उलट बाजूने बघ : एकही न उगवणं, ०.३ × ०.३ = ०.०९. ते १ मधून वजा केलं की ०.९१. ‘निदान एक’ आलं की उलट घटना आधी तपासायची, कारण ती बहुतेक वेळा एकच असते. आता चार फूट बाय दीड फूट अंतराने एकरात ७,२६० जागा बसतात. त्यांच्या ९ टक्के म्हणजे सुमारे ६५३ ठिकाणी नांग्या (रिकाम्या राहिलेल्या जागा) भराव्या लागतील. तीन बिया टाकल्या तर ०.०२७, म्हणजे साधारण १९६. बियाण्याचा खर्च दीडपट होतो आणि नांग्या एक तृतीयांशाहूनही कमी उरतात. यातलं काय परवडतं ते बाबा सांगतील, आकडा तू सांगू शकतेस.

इथे एक बारकावा आहे. ०.३ × ०.३ हा गुणाकार आपण दोन्ही बिया एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या म्हणून केला. पण टोबणीनंतर पावसाने दडी मारली, किंवा जोराची सर येऊन वर कडक पापुद्रा धरला, तर एकाच जागेतल्या दोन्ही बिया एकदमच मार खातात. मग स्वातंत्र्य राहत नाही आणि प्रत्यक्षातल्या नांग्या ६५३ पेक्षा जास्त निघतात. सूत्र तेच राहतं, त्यामागची अट मोडलेली असते. गुणाकाराचं चिन्ह लिहिण्याआधी ‘एकाचं कळल्याने दुसऱ्याबद्दल काही कळतं का?’ हे विचार. कळत असेल तर सरळ गुणाकार करायचा नाही. आणि ‘इंडिपेंडंट’ व ‘म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह’ यांची गल्लत करू नकोस. परस्पर अपवर्जी घटना एकदम घडूच शकत नाहीत. म्हणजे एक घडली की दुसरी नाही हे नक्की कळतं. म्हणून दोन्हींची संभाव्यता शून्याहून जास्त असेल तर त्या स्वतंत्र असूच शकत नाहीत.

‘गिव्हन दॅट’साठी सिकलसेलचं उदाहरण घे. आपल्या विदर्भात, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूरकडे, हा आजार अनेक घरांत आहे. आई-वडील दोघेही वाहक (स्वतः आजारी नाहीत, पण दोष मुलाला देऊ शकतात) असतील तर प्रत्येक बाळंतपणात चार समशक्य जोड्या होतात : एक निरोगी, दोन वाहक, एक आजारी. आता प्रश्न असा, की त्यांच्या एका मुलाला आजार नाही हे माहीत आहे, तर ते वाहक असण्याची संभाव्यता किती? घाईत १/२ लिहिलं जातं. पण आजाराची चौकट आता बाद झाली, उरल्या तीन. त्यातल्या दोन वाहकाच्या. उत्तर २/३. सशर्त, म्हणजे ‘गिव्हन दॅट’च्या, संभाव्यतेचं सूत्र छेदाचं करतं ते एवढंच : नको त्या चौकटी खोडतं. चौकटी काढून, खोडून, उरलेल्या मोजल्यास तर पुढे बेझचा सिद्धान्तही अवघड जाणार नाही. आणि हेही नीट लक्षात ठेव : पहिलं मूल आजारी निघालं म्हणून ‘चारातलं एक झालं, पुढची तीन चांगली’ असं कधीच नसतं. दुसऱ्या वेळीही धोका १/४ च असतो. हा गैरसमज घरात राहिला तर फार महाग पडतो.

संख्याशास्त्राच्या उरलेल्या भागात तुला तितकी अडचण येऊ नये, फक्त आकडेमोडीत शिस्त हवी. पाच दिवसांची कापूस वेचणी २२, २५, २८, ३०, ४५ किलो असेल तर मध्य ३०, मध्यक २८. मध्यापासूनची विचलनं -८, -५, -२, ०, १५. यांची बेरीज शून्य आलीच पाहिजे, नसेल तर तिथेच थांब, पुढचं सगळं चुकणार. वर्गांची बेरीज ३१८. तिला भागून वर्गमूळ घेतलं की प्रमाण विचलन, म्हणजे आकडे मध्यापासून साधारण किती पसरलेत ते, मिळतं : ५ ने भागून घेतलं तर ७.९७, आणि ४ ने भागून घेतलं तर ८.९२. हे पाच दिवसच तुझं सगळं विश्व असेल तर ५ ने भागायचं. पूर्ण हंगामाचा अंदाज या पाच दिवसांवरून काढायचा असेल तर ४ ने, कारण मध्य त्याच पाच आकड्यांतून काढलेला असतो आणि विचलनं थोडी लहानच दिसतात. कॅल्क्युलेटरवर दोन्हींची बटणं वेगळी असतात, परीक्षेआधी कुठलं कोणतं ते याच आकड्यांवर तपासून ठेव.

घरच्या सोयाबीनची उगवण चाचणी तुमच्याकडे होतच असेल. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० बिया, गुंडाळी, मग मोजणी. ७० उगवल्या तर बियाणं पेरणीजोगं धरतात. समज, खरी उगवण क्षमता बरोबर ७० टक्के आहे. तरी दर वेळी ७० च मोजल्या जाणार नाहीत. प्रमाण विचलन १०० × ०.७ × ०.३ चं वर्गमूळ, म्हणजे ४.५८. दुप्पट धरलं तर ६१ ते ७९ मधला कुठलाही आकडा साहजिक आहे. ६६ आल्या म्हणून बियाणं वाईट आणि ७४ आल्या म्हणून चांगलं, असं एका गुंडाळीवरून म्हणता येत नाही. बियाणे प्रयोगशाळेत म्हणूनच १०० च्या चार, अशा ४०० बिया लावतात. चौपट बियांनी चूक निम्मी होते, हीच मर्यादा साडेपासष्ट ते साडेचौऱ्याहत्तर टक्क्यांवर येते. मात्र चारशेच्या चारशे बिया पोत्याच्या वरच्याच थरातून घेतल्या असतील तर चार हजार लावूनही उपयोग नाही. ती चूक संख्येने भरून निघत नाही.

योगायोगाची आणि निवडीची, याच दोन चुका ओळखायला सरकारला माणसं लागतात, आणि इथून तुझ्या बाबांच्या प्रश्नाकडे येते. पीक विम्यासाठी गावात पीक कापणी प्रयोग होतो, तेव्हा शेतं यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी, निवडतात. ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत संख्याशास्त्रज्ञ पी. सी. महालनोबिस आणि आपले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे दोघं होते. सुखात्मेंनी १९४० च्या दशकात दाखवलं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगलेलं दिसतं, कारण सीमेवरचं झाड मोजणारा आत ओढतो, आणि लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानाने सीमा जास्त असते. फुगलेला आकडा म्हणजे शेतकऱ्याला कमी भरपाई. हा विषय बाबांच्या शेतीपासून दूरचा नाही, हे त्यांना असंच सांग.

नोकरीचं म्हणशील तर विषय सोडल्याने काय बंद होतं ते आधी बघ. स्टाफ सिलेक्शनच्या पदवी स्तराच्या परीक्षेतून ‘स्टॅटिस्टिकल इन्व्हेस्टिगेटर’ व्हायचं तर पदवीच्या तिन्ही वर्षांत, म्हणजे सहाही सत्रांत, संख्याशास्त्र शिकलेलं असावं लागतं. एक वर्ष सोडलं की ते दार बंद. ‘ज्युनिअर स्टॅटिस्टिकल ऑफिसर’साठी बारावीला गणितात ६० टक्के किंवा पदवीला संख्याशास्त्र हा विषय, यातलं एक चालतं. यूपीएससी घेते ती भारतीय सांख्यिकी सेवा, वय २१ ते ३०. पदवीला हा विषय असेल तर लगेच बसता येतं. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या जागा निघतात. त्या दर वर्षी निघतीलच असं नाही, म्हणून फक्त त्यांच्यावर विसंबू नकोस. एम.एस्सी.साठी नागपूर विद्यापीठात स्वतंत्र विभाग आहे. बाहेर जायची तयारी असेल तर आयआयटींच्या ‘जॅम’ परीक्षेत मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा वेगळा पेपर असतो, आणि भारतीय सांख्यिकी संस्थेत एम.स्टॅट.ला विद्यावेतन मिळतं. घरावर खर्चाचं ओझं असेल तर हा मार्ग नीट बघ. विमा क्षेत्रातल्या ॲक्च्युअरीच्या (जोखमीचा हिशेब मांडणाऱ्या तज्ज्ञाच्या) परीक्षा मात्र आता नको, त्यांचं शुल्क जड आहे आणि पाया आधी पक्का व्हायला हवा.

फॉर्म भरण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन दोन गोष्टी विचार. संख्याशास्त्र मेजर किंवा मायनर म्हणून सहाव्या सत्रापर्यंत सलग मिळेल का, की मध्येच तुटतं? आणि गुणपत्रिकेवर विषयाचं नाव ‘स्टॅटिस्टिक्स’ असंच छापून येतं का? दुसऱ्या कुठल्या नावाने येत असेल तर तेव्हाच विभागप्रमुखांकडून विषय समकक्ष असल्याचं पत्र मागून घे, कागदपत्रं तपासणीला ते लागू शकतं. घरी रोज तीनच उदाहरणं सोडव. सोडवलेलं उत्तर झाकून, आधी मराठीतली ती एक ओळ लिहून. महिन्याने जी उदाहरणं अडतील ती मला पाठव, पण उत्तरासोबत ती मराठी ओळही पाठव. चूक आकड्यात आहे की वाचण्यात, ते मला तिथेच दिसेल.